तिसरी सही

"विष आहे ह्यात," इदवलकाका म्हणाले आणि कागद परत सरकवला.

"गोळी अजून दुकानातून आली नाही, विष कुठून येईल?" त्यांच्या बहिणीनं, मॉरविथनं, चहाची किटली दाणकन ठेवली. "सही कर, इदवल! तीन आठवडे माझ्या हातचं खात नाहीस. नुसती उकडलेली अंडी. तीही स्वतः उकडलेली!"

लोवरी हसली नाही. वेल्समधल्या त्या डोंगरगावात मानसिक आजारावर औषध लिहून द्यायचा अधिकार मिळालेली ती पहिली नर्स. अधिकार मिळून जेमतेम दोन महिने झालेले. औषधाच्या कागदावर तीन सह्या लागायच्या: डॉक्टरांची, तिची आणि पेशंटची. दोन झाल्या होत्या. तिसरी आज झाली नाही, तर काकांना उद्या शहरातल्या इस्पितळात नेणार होते. उचलून, जबरदस्तीनं.

"काका, चाळीस वर्षं खाणीच्या वजनकाट्यावर होतात ना? मग हेही तपासा. आकडा न् आकडा."

"तपासला. म्हणून तर म्हणतोय. डॉक्टर माझ्यासमोर अर्धा म्हणाले होते. इथे पाच आहे."

मॉरविथनं कपाळावर हात मारला. "झालं ह्याचं सुरू!"

लोवरीनं कागद ओढून घेतला. शून्य नव्हतं. दशांशाचं टिंबही नव्हतं. अर्ध्या मिलिग्रॅमच्या जागी तिच्याच वळणदार अक्षरात पाच. दहापट! खाली डॉक्टरांची सही, न वाचता ठोकलेली.

पिशवीत कोरे कागद होते; नवा लिहून डॉक्टरांची सही संध्याकाळपर्यंत पुन्हा घेता आली असती. 'तुम्हाला भास झाला' एवढं म्हटलं असतं तरी मॉरविथनं लगेच मान डोलावली असती. आणि खरं सांगितलं तर? काकांच्या संशयाला पुरावाच मिळणार. शिवाय चूक वर कळवली की चौकशी संपेपर्यंत तिचा औषध लिहायचा अधिकार बंद. सहा महिने तरी.

"काका," ती म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. चूक माझी. हे घेतलं असतंत तर जिवावर बेतलं असतं. आजच कळवते मी वर."

काकांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग बहिणीनं केलेल्या मनुकांच्या पावाचा तुकडा उचलला, हुंगला आणि चक्क खाल्ला.

"काढ नवा कागद, पोरी. करतो सही. पण एक सांगून ठेवतो, यापुढे माझं औषध तूच लिहायचंस. दुसऱ्या कुणाच्या कागदाला मी हात लावणार नाही."