ड्रमच्या मागचा हात

"बंद कर ते," रेकॉर्डचा निर्माता ध्वनिमुद्रकाला म्हणाला. दहा मिनिटांत ही सहावी वेळ. काचेपलीकडे बँडचा ड्रमर, घामाने निथळत, तोंड उघडं टाकून बघत राहिला.

निर्मात्याने हेडफोन आपटला. त्याच्या स्पंजाला कुणाच्या तरी डोक्याचं तेल लागलं होतं. त्याला शिसारी आली.

"म्हशी हाकायच्या लायकीचा आहे. जेवायला पाठव याला. सावकाश जेव म्हणावं."

ध्वनिमुद्रकाने ड्रमरला बाहेर पाठवलं.

निर्मात्याला ही रीत पाठ होती. उमेदीची बावीस वर्षं तो रॉक बँडच्या रेकॉर्डवर परस्पर ड्रम वाजवत आला होता. बँडचा ड्रमर कच्चा निघाला की त्याला जेवायला पाठवायचं, तेवढ्यात याने वाजवून मागच्या दाराने पसार व्हायचं. रेकॉर्डवर नाव त्या ड्रमरचं. पुढे हा निर्माता झाला, तरी गुपचूप वाजवायची खोड गेली नाही.

तो आत जाऊन ड्रमपाशी बसला. बैठक अजून ओलसर होती. नाक मुरडून त्याने एका दमात गाणं संपवलं.

"पुन्हा घेऊ?"

"कशाला, साहेब? फक्कड झालं. तुम्ही निघा, मी आवरतो."

ध्वनिमुद्रक नेहमी असंच म्हणायचा. जाणकार माणूस.

आठही गाणी अशीच झाली. तयार रेकॉर्ड ऐकताना निर्मात्याला आपला हात वयापेक्षा तरुण वाटला. रेकॉर्ड गाजली. ड्रमर मुलाखती देत सुटला.

मग निर्मात्याच्या डोक्यात तिडीक गेली. आता मरायच्या आधी एकदा तरी आपलं नाव छापून यायलाच हवं. दुसऱ्या छपाईच्या वेष्टनाचा नमुना आला, तेव्हा त्याने ड्रमरला स्टुडिओत बोलावलं आणि ध्वनिमुद्रकाच्या देखत ड्रमरच्या नावावर लाल रेघ ओढली.

"दुसऱ्याचं उष्टं खाऊन ढेकर देतोस? किळस येते तुझी!"

ड्रमरने मान खाली घातली. "घाला तुमचं नाव, सर. माझी काही तक्रार नाही."

"उपकार करतोस माझ्यावर? अरे, विचार याला, रेकॉर्डवर कोणाचा हात आहे ते!"

ध्वनिमुद्रकाने आधी दार लावून घेतलं.

"साहेब, तुम्ही घरी गेलात की मी याला परत वाजवायला बोलवायचो. याला, आणि याच्या आधीच्या सगळ्यांनाही."