इस्पिकची तिर्री

"सहा बिनहुकमी," डोरीन म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून सरसावून बसली.

म्हणजे स्लॅम. तेरापैकी बारा हात करून दाखवायचे. इर्माने चौकटचा एक्का उतरला आणि तो हात तिला मिळाला. आता आणखी एकच हात मिळाला की डोरीन बुडाली.

डोरीनच्या नवऱ्याने, मर्व्हने, आपली पानं टेबलावर उघडी मांडली; तीही आता डोरीनच खेळवणार होती. "झालं माझं काम. आता गप्प बसायचं. घरी तरी दुसरं काय करतो मी!"

एरवी इर्मा हसली असती. पण मघाशी, कोट अडकवताना, डोरीनने तिला बाजूला घेतलं होतं. ब्रिजचा हा क्लब डोरीनच चालवायची. "रागावू नकोस गं इर्मा, पण वेइको पान हातात धरून नुसता बसून राहतो. लोक कुरकुर करतात. आज परत घोटाळा झाला, तर पुढच्या सोमवारपासून तू दुसरा जोडीदार बघ."

दुसरा जोडीदार! कॅनडातल्या थंडर बेमधल्या या चर्चच्या तळघरात ती वेइकोसमोर बसत आली होती, ती लग्नाच्याही आधीपासून. घरी आता तो तिच्याशी बोलत नसे. कॉफी पुढे ठेवली की प्यायचा, बूट चढवले की चालायचा. बाकी दिवसभर खिडकीशी बसून गोठलेल्या सरोवराकडे बघायचा. नवरा घरात असून इर्मा एकटी पडली होती. पण इथे टेबलाशी बसला की त्याची बोटं जागी व्हायची. ब्रिजमध्ये जोडीदाराशी बोलायला बंदी, डोळ्यांनी खुणावायलाही बंदी. सांगायचं ते पानांनी सांगायचं. आणि पानांनी वेइको अजून तिच्याशी बोलतो, असं तिला वाटायचं. तेवढ्यासाठी ती आठवडा काढायची.

डोरीन किल्वर खेळत सुटली. एकामागून एक. इर्माकडचं किल्वर संपलं; आता दर हाताला तिला दुसरं एखादं पान सोडावं लागणार होतं. मर्व्हची चार बदामं समोर उघडी पडली होती, आणि डोरीनकडे चार इस्पिकं असणार हे बोलींवरूनच कळलं होतं. दोन्हीकडचं चौथं पान अडवायची ताकद इर्माकडे होती, पण दोन्ही धरून ठेवणं शक्य नव्हतं. एक सोडायलाच हवं होतं. चुकीचं सोडलं की स्लॅम पुरी.

मागच्याच हाताला वेइकोने एक पान टाकलं होतं. इस्पिकची तिर्री. पूर्वीचा वेइको असता तर अर्थ सरळ होता: इस्पिक तू सांभाळ, बदाम माझ्याकडे. पण आज? त्याने सांगितलं होतं, की पान आपलं बोटांतून गळलं होतं? सकाळी याच बोटांनी त्याने मोजे फ्रिजमध्ये नेऊन ठेवले होते.

"इर्मा, तुझी पाळी," डोरीन म्हणाली. "आता तूसुद्धा का?"

इर्माने बदाम टाकलं. पुढच्या हाताला दुसरं. मग तिसरं. डोरीनच्या भुवया वर गेल्या.

शेवटी प्रत्येकाकडे एकेक पान उरलं. इर्माच्या हातात इस्पिकचा गुलाम होता. बदामापुढे त्याचा काही उपयोग नव्हता.

"मर्व्ह, बदामची पंजी," डोरीन म्हणाली. मर्व्हने पंजी पुढे सरकवली.

पाळी वेइकोची होती. तो पान हातात धरून बसून राहिला. मर्व्ह खाकरला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

मग त्याने पान अलगद खाली ठेवलं. बदामची दश्शी.

"गेली!" मर्व्हच आधी ओरडला. "डोरीन, गेली तुझी स्लॅम!"

डोरीन त्या दश्शीकडे बघत राहिली. "मेल्या, एवढा वेळ बदाम दाबून बसला होतास होय!" मग इर्माकडे वळून ती हळूच म्हणाली, "सोमवारी या. दोघंही या."

इर्माला रडू फुटायचं बाकी होतं. तो होता. आत कुठेतरी तिचा माणूस होता, त्याने हाक मारली होती आणि तिला ती ऐकू आली होती.

वेइको टेबलावर दोन्ही हात टेकून पुढे झुकला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"बाई, छान खेळता तुम्ही," तो अदबीने म्हणाला. "माझं पान असं फक्त माझी बायकोच ओळखायची. ती हल्ली येत नाही. पुढच्या सोमवारी तुम्ही बसाल का माझ्यासमोर?"