पायरीचा बोल्ट

गाडीला मागाहून बसवून घेतलेल्या पायरीचा बोल्ट आवळताना माझ्या हातून मोडला. डोकं पान्यात आलं, बाकीचा आतच अडकला. गॅरेजवाल्याने त्या तुकड्याला मधोमध भोक पाडलं आणि उलटा फिरवत तो बाहेर काढला.

"काका, बोल्ट आवळत होतात की कुणाचा गळा?"

"ढिला राहायला नको म्हणून."

"काकूंच्या गुडघ्यांसाठी बसवली होती ना ही? आता काढूनच टाकू या."

"नको, राहू दे."

"इतकी वर्षं तुम्हीच आवळताय, कधी मोडला नाही. आताच कसा मोडला?"

"ती टॉर्च धरून शेजारी बसायची. 'पुरे' म्हणाली की मी थांबायचो. ती गेल्यावर पहिल्यांदाच एकट्याने आवळला."

त्याने नवा बोल्ट लावला, पाना माझ्या हातात दिला आणि टॉर्च घेऊन शेजारी उकिडवा बसला. मी आवळू लागलो.

"पुरे," तो म्हणाला.

मी थांबलो नाही. तिलाही दोनदा म्हणावं लागायचं.