हातगोळ्याचं भोक

मी युद्धकाळातली सरावाची हत्यारं जमवतो. लाकडी बंदुका, पोकळ हातगोळे. लोक वेडा म्हणतात, म्हणोत. आम्हा संग्राहकांत नियम एकच: प्रत्येक गोळ्याला आरपार भोक पाडलेलं हवं. ते नसेल तर गोळा खरा, जिवंत समजायचा आणि पोलिसांना कळवायचं.

माझ्या आठ वर्षांच्या पोरीच्या हृदयालाही भोक आहे. "थांबून बघू," डॉक्टर म्हणतात. त्यांच्या बापाचं काय जातंय थांबायला?

सोमवारी नव्या हातगोळ्याच्या भोकात आठ मिलिमीटरचं ड्रिल सहज गेलं. बुधवारी सहाचं अडकलं.

"गंज चढला असेल," बायको म्हणाली.

गंज नव्हता. कडा चकचकीत होत्या.

शुक्रवारी चारचंही जाईना. नियम म्हणजे नियम. मी ड्रिल मशीन लावलं. टोक लोखंडाला टेकलं, तोच आतल्या खोलीतून पोरगी कळवळली, "बाबा, छातीत दुखतंय."

मशीन थांबलं. दुखणंही थांबलं.

बायको दारात उभी होती. "परत हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे."

आज भोकात सुईसुद्धा शिरली नाही. नियमाप्रमाणे आता पोलिसांना कळवायला हवं. मी गोळा उचलला.

"पोरगी कुठाय?" बायकोने विचारलं.

जिन्यात पावलं वाजली. जिला आजवर कडेवर घेऊन चढलो, ती तीन मजले पळत वर येत होती. माझ्या तळहातातलं लोखंड कोमट झालं होतं, आणि तिच्या दर पावलाला आतून एक ठोका देत होतं.