फेन्नाची निळी माळ

“तुम्ही माझ्या लेकीला लघवीला जाऊच देत नाही!” वर्गात पाऊल टाकताच मार्लोसनं तोफ डागली.

शाळा नुकतीच सुटली होती. काल घरी पोचेपर्यंतही दम निघाला नाही म्हणून पाच वर्षांची फेन्ना कालव्याकाठी सायकल थांबवायला लावून झुडपाआड पळाली होती. तेव्हापासून आईचं डोकं फिरलं होतं. फेन्नाची लघवी मूत्राशयातून उलटी मूत्रपिंडाकडे चढायची. तुंबवली की जंतू वाढत आणि ताप भरे. वाढत्या वयाबरोबर हे आपोआप बरं होईलही, पण पुन्हा ताप आला तर ऑपरेशन, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरी मार्लोस डोळ्यांत तेल घालून औषध देई, पाणी पाजी, वेळेवर संडासात धाडी. आणि शाळेत सगळं मुसळ केरात!

वर्गशिक्षिका इर्माबाईंनी शांतपणे फळ्याशेजारच्या खिळ्यांकडे बोट दाखवलं. एकावर लाल मण्यांची माळ होती. बाईंना विचारून ती गळ्यात घालायची, जाऊन यायचं, परत टांगायची. एका वेळी एकच मूल. शेजारी निळी माळ होती.

“ही फक्त फेन्नाची. तिनं मला विचारायचंही नाही, घालायची आणि निघायचं. अगं मार्लोस, दिवसभर ही माळ खिळ्यावर नसतेच! आणखी काय करू मी?”

मार्लोस वरमली. मग लेकीकडे वळली. “काय गं? मग घोडं अडतं कुठं?”

फेन्ना पायावर पाय चढवून उभी होती. “लाल माळ मागितली की बाई म्हणतात, आत्ता नाही, थांब जरा. निळीला विचारावंच लागत नाही. म्हणून सगळे माझीच मागतात. यूरेला तर इतकी घाई असते! मग मी देते.”

“आणि तुझं काय?”

“मी शेवटी. पण तोवर शाळा सुटते.”

मार्लोसला रडावं की हसावं कळेना. इर्माबाई मटकन मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसल्या.

“एवढी लेकरं रोज कळ काढत होती, आणि मी म्हणत होते, वर्गाला काय छान शिस्त लागलीय!” त्या म्हणाल्या. “मी स्वतःसुद्धा घरी गेल्यावरच जाते गं. इतकी वर्षं असंच चाललंय. मला वाटायचं, सवयीनं जमतं सगळ्यांना.” त्यांनी नाक पुसलं. “उद्यापासून विचारणं बंद. ज्याला लागली त्यानं आधी जायचं.”

फेन्नानं टाचा उंचावून निळी माळ काढली आणि बाईंपुढे धरली. “घ्या बाई. तुम्ही पण जा.”

बाईंनी हसून हात पुढे केला. फेन्नानं त्यांच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि माळ झटकन स्वतःच्याच गळ्यात घातली.

“थांबा जरा,” ती म्हणाली, “आधी मी जाऊन येते.”