ओटीच्या बांगड्या

भुशीची बयाबाई लोणावळ्याच्या दवाखान्यात डॉक्टर दीनानाथांपुढे आडवी झाली, तेव्हा तिच्या हातात करकरीत हिरव्या बांगड्या होत्या. पोट वाढलेलं बघून आयाबायांनी चाळिशी उलटलेल्या बाईची हौसेनं ओटी भरली होती.

"पर आत काय हालत न्हाई, डाक्तर," ती पुटपुटली.

दीनानाथांनी पोटावर बोट टेकवून त्यावर दुसऱ्या बोटानं ठोकलं. बेंबीच्या वर, डावीकडे येताच बांगड्या किणकिणल्या. तिचा हात मात्र निपचित पडलेला होता. जरा बाजूला ठोकलं, की बांगड्या गप्प.

त्या आवाजाच्या मागोमाग त्यांनी पोटावर शाईनं रेघ ओढली. नारळाएवढा गोल उमटला.

"बाई, हे मूल नाही. जठरामागं स्वादुपिंड असतं, त्याला पाण्याची गाठ आलीय. लाखात एखाद्याला येते. पण काढता येते."

पुण्याच्या सर्जननं तार केली: गाठ अख्खी निघाली. गाठ लहान असताना कळती, तर आणखी सोपं.

आपल्या पायांनी परतलेल्या बयाबाईनं ओटीच्या बांगड्यांतल्या दोन उतरवून दीनानाथांच्या टेबलावर ठेवल्या. "पोर न्हाई झालं, पर मीच नव्यानं जल्माला आले. ह्या हितंच ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी कान्हे गावचा गेणू आला. दुखत काही नव्हतं, भूक तेवढी मेली होती. पोट अजून सपाट होतं.

दीनानाथांनी बेंबीच्या वर, डावीकडे ठोकलं.

टेबलावरच्या बांगड्या किणकिणल्या.