कडेला मीठ

आई, विमलबाई, ट्रे घेऊन बाहेर आली आणि साईनाथच्या तोंडचं पाणीच पळालं. ट्रेमध्ये स्टीलचे पेले नव्हते. फळीवर डब्यांमागं दडवून ठेवलेले काचेचे ग्लास होते ते, उंच दांडीचे, वर धोतऱ्याच्या फुलासारखे पसरलेले. आत कोकमाचं सरबत आणि कडेला गोल मीठ लावलेलं.

रिसॉर्टवरच्या सेटातले दोन फुटले तेव्हा उरलेले चार त्यानंच घरी आणले होते. आईला एकदा असंच मीठ लावून सरबत करून दिलं होतं. बाई काय खूश! "सायबांना हेच करून देतोस का रं?" तिनं विचारलं, आणि हा गधडा "हां" म्हणून मोकळा झाला.

आज पोशीरहून पाव्हणे घर बघायला आले होते. मुलीचे वडील विठूतात्या, गळ्यात तुळशीची माळ. सोबत मुलीचा मामा मनोज. आणि आताच्या रीतीप्रमाणं मुलगीही, ऋतिका. पहिल्या भेटीतच ती साईनाथच्या मनात भरली होती. मुलगा रिसॉर्टच्या ऑफिसात बसतो, असं त्यानंच तात्यांच्या कानावर घातलं होतं. बसतो कसला! बारमागं उभा राहून दारू मिसळतो.

"घ्या तात्या, गारगार हाय," विमलबाई म्हणाली.

तात्या ग्लास तोंडाला लावणार, तेवढ्यात मामानं त्यांचा हात धरला.

"थांबा भावोजी. ह्यो दारूचा ग्लास हाय. हायवेच्या हॉटेलात बघितलाय मी. मीठ पन असंच लावतात."

तात्यांनी ग्लास खाली ठेवला आणि हात धोतराला पुसला. "माळकऱ्याच्या पुढ्यात दारूचं भांडं? घरात आनलं कुनी?"

सगळे साईनाथकडं बघायला लागले. खरं सांगायची वेळ हीच होती. पण जीभ टाळूला चिकटली, आणि सुटली ती भलतंच बोलायला.

"आईनं घेतले असतील खालापूरच्या बाजारातनं. तिला काय कळतंय त्यातलं?"

विमलबाईनं एकदाच लेकाकडं पाहिलं. मग पदर सावरला.

"हां, मीच आनले. फुलावानी दिसले, घेतले. आमाला काय म्हाईत, तात्या. मीठ पन मीच लावलं."

मामा खो खो हसला. तात्याही हसले. "बाईमानूस ते, जाऊ द्या. साध्या पेल्यात आना, पितो." साईनाथही हसला. स्वतःच्या त्या हसण्याची त्याला किळस आली, तरी हसला.

सोयरीक वाचली होती. ग्लास तेवढे नजरेआड करावेत म्हणून तो लगबगीनं उठला. एकेक करून सरबत तांब्यात ओतलं, थेंबही न सांडता. मग बारमागच्या रोजच्या सवयीनं चारही दांड्या एका हाताच्या बोटांत अडकवल्या आणि ग्लास उलटे धरून आत निघाला.

ऋतिका त्याच्या हाताकडं बघत होती.

"ग्लास आईंनी आणले," ती हळूच म्हणाली. "मग असे धरायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं साईनाथला झालं. उत्तर स्वयंपाकघराच्या दारातनं आलं.

"मीच शिकवलं गं," विमलबाई म्हणाली.